त्रिवेंद्रमला पहिल्यांदाच जाताय? मग एवढं बघा

कोवळम बीचला रूम घेऊन रोज शहरात ये-जा करू नका हो, बरेच नवीन लोक हेच करतात आणि अर्धा दिवस रिक्षातच जातो. शहरातच तंपानूरला राहा, स्टेशन नि बसस्टँड समोरासमोर.

- पद्मनाभस्वामीचं दर्शन सकाळीच उरका, दुपारी मंदिर बंद. पुरुषांना मुंडू (लुंगीसारखं नेसायचं धोतर) नि वर उघडं अंग, बायकांना साडी, जीन्स चालतच नाही. मुंडू बाहेर मिळतो.
- नेपियर म्युझियम, झू सोमवारी बंद!
- स्टँडजवळचं इंडियन कॉफी हाऊस चुकवू नका, आर्किटेक्ट लॉरी बेकरनी बांधलेला विटांचा गोल मनोरा, आत गोल गोल चढत जाणाऱ्या उतारावरच टेबलं मांडलीयत, कटलेट नि कॉफी घ्या आणि निवांत बसा.

कोवळमला एक संध्याकाळ पुरे. पोनमुडी हिल स्टेशन पुढच्या वेळी.