वडील रात्री दोनदा पडले. घरात धरायला आधाराचे दांडे बसवू की रात्रीसाठी माणूस ठेवू?

तुमचे वडील 78 वर्षांचे आहेत आणि महिन्याभरात दोनदा, दोन्ही वेळा रात्री लघवीला उठल्यावर पडले, असं तुम्ही लिहिलंय. दांडे लागतीलच. माणसाचं नंतर बघू. पण त्याआधी त्यांचं उभ्यानं ब्लडप्रेशर मोजा.

दवाखान्यात प्रेशर बहुतेक वेळा बसवूनच मोजतात, त्यामुळे उभं राहिल्यावर होणारी घसरण कुणाच्या लक्षातच येत नाही. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाच मिनिटं शांत आडवं पडलेलं असताना एकदा मोजा. मग उभं करून 1 मिनिटानं आणि पुन्हा 3 मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मोजताना शेजारी धरायला कुणीतरी असू द्या. चक्कर आली तर आकड्याची वाट न बघता लगेच बसवा.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. चिठ्ठीशिवाय आणलेलं सर्दीचं औषधही त्यात हवं, कारण त्यातल्या क्लोरफेनिरामाइननं गुंगी येते. झोपेच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन, प्रेशरच्या गोळ्या, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ते अमिट्रिप्टिलीन ही पडण्याशी जोडलेली नेहमीची औषधं आहेत. लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी घेत असतील, तर ती सकाळी घेतली तर चालेल का, हे आवर्जून विचारा. रात्रीची एक फेरी त्यानंही वाचू शकते. मनानं मात्र काहीही बंद करू नका. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम बरेच दिवस चालू असेल आणि एकदम थांबवलं, तर फिटसुद्धा येऊ शकते. अशी गोळी डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

आता वाट. सगळं घर एकदम बदलू नका. पलंग ते संडास एवढाच पट्टा आधी हाती घ्या. एकदा रात्री दिवे न लावता तुम्हीच तो चालून बघा: सुटी पायपुसणी, चार्जरची वायर, दाराचा उंबरा, सगळं पायाला लागेल. वाटेवर माणसाच्या हालचालीनं आपोआप लागणारे दिवे गुडघ्याच्या उंचीवर लावा. छतावरचा दिवा डोळे दिपवतो, आणि मुळात त्याचं बटण शोधायलाच माणूस अंधारात चालतो. पलंगाच्या कडेवर बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. फरशीवर नुसते मोजे नकोत. मागून पट्टा असलेली, पातळ टणक तळव्याची चप्पल हवी. उठताना आधी कडेवर बसून पावलं 10–15 वेळा वरखाली करायची, मिनिटभर थांबायचं, मगच उभं राहायचं.

संडासातला दांडा हे काम घाईत उरकलं जातं आणि तिथंच फसतं. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. पूर्ण वजन पडलं की तो भिंतीतून उपटून येतो. व्हॅक्युमवर चिकटणारे दांडेही नकोत. टाइल्सच्या सांध्यावर किंवा ओलाव्यात ते कधी सुटतील याचा भरवसा नाही. स्क्रू टाइल आणि गिलाव्यापलीकडे, पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. दांडा साधारण 32 ते 38 मिलिमीटर जाडीचा असावा, म्हणजे मूठ नीट बसते. भिंतीपासून अंतर 38 मिलिमीटर ठेवा. त्याहून बरंच जास्त ठेवलं तर हात आत जाऊन अडकू शकतो. आडव्या दांड्याची प्रमाणित उंची 84 ते 91 सेंटिमीटर आहे, पण ड्रिल चालवण्याआधी वडिलांना कमोडवर बसवून उठायला सांगा आणि त्यांचा हात कुठे जातो तिथे खडूनं खूण करा. कमोडची सीट 43 ते 48 सेंटिमीटर उंच असेल तर उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो.

दाराची कडीही बदला. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला, तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. दार बाहेर उघडेल असं करून घ्या, किंवा निदान कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

काठी असेल तर तिची मूठ, चप्पल घालून हात सैल सोडल्यावर, मनगटाच्या घडीशी यायला हवी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की लगेच बदला.

पडलेच, तर काखेत हात घालून ओढून उठवू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका घ्या, जागेवरून हलवू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या. काही लागलेलं नसेल, तर कुशीवर वळणं, कोपरावर येणं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जाणं, दोन्ही हात बैठकीवर, मजबूत पाऊल पुढे, आणि वळून बसणं, हा क्रम फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकवून घ्या. एकटे असताना तास-दोन तास फरशीवर पडून राहणं पडण्याइतकंच घातक असतं, म्हणून फोन किंवा घंटी गळ्यात किंवा मनगटाला बांधलेली हवी.

माणूस ठेवायचा का, हे पायांवरून ठरवा. हात छातीवर बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. या वयाच्या पुरुषाला 11 वेळा तरी जमायला हवं. त्याहून कमी भरलं तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पायांचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम सुरू करा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नसेल, किंवा सांगितलेलं विसरून ते रात्री तसेच उठून चालू लागत असतील, तर दांडे आणि दिवे पुरणार नाहीत. मग रात्रीसाठी माणूस ठेवाच.