संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत, लक्ष्मी रोडची गर्दी नको, जुनं पुणं कुठे पाहू?

कसबा आणि सोमवार पेठेत जा. माझं आजोळ कसब्यातलं, त्यामुळे मी इकडची बाजू घेणारच. पण शनिवारवाड्याच्या दारात फोटो काढून परत फिरलात, तर खरं गाव बघायचं राहून जाईल.

भुयारी मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. आधी ग्रामदैवत कसबा गणपतीला नमस्कार करा आणि दिवस मावळायच्या आत तांबट आळी गाठा. रस्ता विचारायची फारशी गरज पडत नाही, ठोक्यांचा आवाज आला की त्या दिशेने वळायचं. तांबट मूळचे कोकणातले. बंब, घंगाळं, हंडे घरोघरी होते तेव्हा आळी दिवसभर दणाणायची. स्टील आलं आणि बरीच घरं या धंद्यातून बाहेर पडली. जी उरली आहेत त्यांचं मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके उमटवायचं काम, दोन मिनिटं उभं राहून नीट बघा. भांडं लोखंडी दांड्यावर धरलेलं असतं. डावा हात ते केसभर फिरवतो, उजवा हातोडी मारतो आणि प्रत्येक ठोक्याला एक चकचकीत टिकली उमटते. ओळी कुठेही वाकड्या जात नाहीत. हे नुसत्या शोभेसाठी नसतं, ठोकून ठोकून तांबं कडक होतं. फोटो काढायचा तर आधी विचारा. "काका, काढू का?" एवढं म्हटलं तरी पुरतं. उंबऱ्यातून आत मात्र कॅमेरा रोखू नका, ती लोकांची घरं आहेत.

हातोडे थांबले की पूर्वेला सोमवार पेठेकडे निघा. दिवेलागणीची वेळ असते. कुठून उदबत्तीचा वास येतो, कुठे कुकरची शिट्टी होते. मधल्या वाड्यांपैकी बरेच पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. तरी एखादा दिंडी दरवाजा अजून भेटतो.

शेवटी त्रिशुंड गणपती, कमला नेहरू रुग्णालयाजवळ. भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये हे देऊळ बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. पण आत जायची घाई करू नका. दर्शनी भिंत काळ्या दगडाची आहे आणि अंधारात सपाट दिसते. मोबाइलची बॅटरी समोरून न मारता भिंतीला लागून तिरकी धरा. द्वारपाल, हत्ती सगळे एकदम उठून दिसतात. साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळचे शिपाई नक्की शोधा. ते शिपाई इंग्रज आहेत आणि हा प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या बंगालचा देखावा आहे, असं काही अभ्यासक मानतात. पेशव्यांच्या पुण्यात, पानिपतानंतर अवघ्या काही वर्षांत, कुणीतरी हे दगडात कोरून ठेवलं आहे. मी दर वेळी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतो. आत गाभाऱ्याजवळच्या शिलालेखांत संस्कृतच्या जोडीला फारसीही आहे, तोही बघा.

खाली तळघर आहे. ते गुरुपौर्णिमेला उघडतात, जमलं तर त्या दिवशी परत या.