मॉड्यूलच्या श्रेणी वाढवून काय होणार?

प्रश्न असा आहे की, ड्रुपल या संकेतस्थळे बांधण्याच्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मॉड्यूलची (त्याला वाढीव सोयी देणाऱ्या जोडण्यांची) संख्या हजारांत गेली असून नवख्याला हवे ते सापडत नाही, तेव्हा श्रेणी नव्याने कशा पाडाव्यात आणि किती असाव्यात? माझे मत आधीच सांगतो. श्रेणी कितीही पाडल्या तरी फारसा फरक पडणार नाही. शोधणाऱ्याला एकाच कामाची पाच मॉड्यूल सापडतात आणि त्यांतले जिवंत, म्हणजे अजून कोणी सांभाळत असलेले, कोणते हे त्याला कोणी सांगत नाही, खरे दुखणे ते आहे.

२०१४ साली नागपुरात धंतोलीतल्या दोन खोल्यांच्या जागेत मी आणि माझे तेव्हाचे भागीदार ड्रुपल ७ वर संकेतस्थळे बांधत होतो. काटोलकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटाला कळमना बाजारातले टनाचे भाव रोजच्या रोज संकेतस्थळावर हवे होते. गटातला एक मुलगा संध्याकाळी एक्सेलची फाइल पाठवत असे. ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाइल) करून चढवायची आणि तारीखवार तक्ता दिसायचा, इतके साधे काम. त्यासाठी तीन मॉड्यूल होती, तिन्ही एकाच श्रेणीत, वर्णनही जवळपास सारखे. त्यांतले जे सर्वांत कमी वापरात होते, पण ज्याच्या नव्या आवृत्त्या नियमित निघत होत्या, ते घ्यावे असे माझे म्हणणे होते. भागीदारांनी सर्वाधिक वापरातल्या मॉड्यूलच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "इतके लोक वापरतात, ते काय वेडे आहेत?" आकडा खरोखरच मोठा होता, मी गप्प बसलो आणि आम्ही तेच घेतले. त्याचा पस्तावा आजही आहे.

नोव्हेंबरात आंबिया बहाराची तोड सुरू झाली. ५ तारखेचा भाव चढवला, तो ११ मे या तारखेसमोर जाऊन बसला, कारण ते मॉड्यूल महिना आधी आणि दिवस नंतर वाचत होते. (चाचणी आम्ही मॉड्यूलसोबत आलेल्या नमुना फाइलवर उरकली होती, ही चूक सर्वस्वी आमची.) रात्री एका ज्येष्ठ बागायतदारांचा फोन आला. "भाऊ, तुमच्या साइटवर मे महिन्यातला भाव दिसून राहिला. मे महिन्यात संत्रा कोण तोडते?" पुढचे पाच दिवस आम्ही तारखा हाताने बदलत राहिलो. ११ तारखेला भाव जागच्या जागी दिसला, आणि भागीदारांनी "झाले सुरळीत" असे जाहीर करून टाकले. ११ नोव्हेंबर उलटा वाचला तरी ११ नोव्हेंबरच राहतो, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आले नाही. १२ तारखेचा भाव ११ डिसेंबरला गेला आणि १३ तारखेला तक्त्यात काहीच आले नाही, कारण तेरावा महिना नसतोच. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण त्या दिवशी आम्हाला शब्दशः भेटली.

त्या रात्री मॉड्यूलची इश्यू क्यू, म्हणजे चुका नोंदवण्याची यादी, मुळापासून वाचली. हीच चूक १४ महिन्यांपूर्वी नोंदवलेली होती, पॅचही (दुरुस्तीचा कोड) जोडलेला होता, आणि त्याखाली मेंटेनरने (मॉड्यूल सांभाळणाऱ्याने) लिहिले होते की त्याला आता वेळ नाही, लोकांनी अमुक मॉड्यूलकडे वळावे. ते अमुक म्हणजे मी सुचवलेलेच. मॉड्यूलच्या मुख्य पानावर मात्र ते सक्रियपणे सांभाळले जात असल्याची ग्वाही जशीच्या तशी होती.

आता वापराचा आकडा आणि ती ग्वाही, म्हणजे सांभाळाची स्थिती, या दोन गोष्टींकडे पाहा. वापराचा आकडा अपडेट तपासणारे मॉड्यूल सुरू असलेल्या संकेतस्थळांकडूनच येतो, आणि पानावरच्या एकूण बेरजेत जुन्या आवृत्त्यांवर अडकलेली संकेतस्थळेही धरलेली असतात. ड्रुपल ६ वर कोणी कधीकाळी बसवलेले मॉड्यूल अशा रीतीने ड्रुपल ७ च्या ग्राहकाला भुरळ घालते. सांभाळाची स्थिती तर मेंटेनर स्वतः निवडतो, आणि निवडल्यावर ती कितीही वर्षे तशीच राहू शकते.

म्हणून माझी सूचना अशी की स्थितीला मुदत असावी. वर्षभरात मेंटेनरने ती पुन्हा पक्की केली नाही, तर पानाने आपोआप तसे सांगावे. वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या दुसऱ्या प्रणालीच्या प्लगइन (तिथली मॉड्यूल) सूचीत, एखादे प्लगइन शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासले गेले नसेल तर वरच पिवळी पट्टी येते. त्यासाठी प्लगइन लिहिणाऱ्याला काही करावे लागत नाही, आणि त्यातच तिचे मोल आहे. दुसरी सूचना वारसदाराची. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या पॅकेजिस्ट या पॅकेजसूचीवर एखादे पॅकेज सोडून दिल्याची नोंद करताना त्याच्याऐवजी कोणते घ्यावे हेही लिहिता येते, आणि ते बसवणाऱ्याला कंपोझर हे पॅकेज बसवण्याचे साधन ती सूचना तिथेच दाखवते. ड्रुपलमध्ये सीसीके या मॉड्यूलचा बराचसा भाग २०११ मध्ये ड्रुपल ७ च्या कोअरमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) गेला आणि व्ह्यूज हे मॉड्यूल २०१५ मध्ये ड्रुपल ८ च्या. अशा प्रत्येक पानावर पहिलीच ओळ 'हे आता कोअरमध्ये आहे' अशी हवी. इश्यू क्यूत पुरलेली ओळ कोणी वाचत नाही.

श्रेणींच्या संख्येबद्दल विचारले आहे म्हणून थोडे लिहितो. एका मॉड्यूलला एकच कप्पा देण्याचा हट्ट सोडावा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या कोलन वर्गीकरणात (ग्रंथांच्या विषयवार मांडणीच्या पद्धतीत) एका विषयाचे अनेक पैलू वेगळे करून जोडण्याची सोय केली होती. काम काय, कोणत्या आवृत्तीवर चालते, शेवटची आवृत्ती कधी निघाली आणि पर्याय कोणते, या चार पैलूंवर चाळता आले की श्रेणी वीस असोत की चाळीस, मला त्यात रस नाही.

हे लिहिताना एक कबुली राहू नये. मेंटेनर फावल्या वेळात फुकट काम करतात, आणि नेमाने मुदत वाढवायला लावल्याने काहीजण कंटाळून सोडून जातील, हा आक्षेप खोटा नाही. फार छोट्या समुदायात ही व्यवस्था जाचकही ठरेल. माझेही एक लहानसे मॉड्यूल तिथे आहे. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, तरी त्याच्या पानावरची स्थिती मी कित्येक महिने बदलली नव्हती. आमच्या भागीदारांनी हे वाचले तर तेवढ्यावरून मला ऐकवतील. त्यांनी खुशाल ऐकवावे. फक्त ११ तारखेचा भाव बरोबर आला होता, हे पुन्हा सांगू नये.