वरचं मागितलं तर खालचं हातचं जातं का?

जून उजाडला की हा प्रश्न सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत थांबत नाही. "मॅडम, वर मोठी कॉलेजं टाकली तर खालचं मिळणारं हातचं जाईल का?" इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी) भरताना पालकांना हीच धास्ती असते. मुलं तेच जरा वेगळं म्हणतात: "मिळणारच नाही ते लिहून काय उपयोग?"

उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, जात नाही. हे प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलचा संगणक मुलांना मेरिट क्रमांकाने घेतो. तुमची पाळी आली की तुमचा पहिला पर्याय बघतो. तुम्हाला लागू असलेली जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसऱ्याकडे वळतो. तुम्ही एखादं कॉलेज ४० व्या क्रमांकावर लिहिलंत आणि तुमच्या मागे असलेल्या मुलाने तेच पहिल्या क्रमांकावर लिहिलं, म्हणून तशाच जागेवर त्याचा नंबर तुमच्या आधी लागत नाही. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. वर दहा अशक्य नावं लिहिली तरी खालच्या नावांना धक्का लागत नाही.

हे सांगितलं की पालक मान डोलावतात, आणि घरी जाऊन पुन्हा तशीच यादी करतात. कारण अडचण माहितीची कमी आणि यादीकडे बघण्याच्या रीतीची जास्त असते. एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सोलापूर जिल्ह्यातली मुलगी. ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, सीईटीला ९४ पर्सेंटाइल आणि वर थोडं. वडिलांनी १६८ पर्यायांची यादी छापून आणली होती. सगळ्या ओळी कॉम्प्युटर, आयटी नाहीतर एआयच्या, आणि सगळ्या गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने. पहिल्या नव्वदेक ओळी ९७ च्या वरच्या. शेवटच्या साठेक ओळींतल्या बऱ्याच कॉलेजांचं गाव कुठल्या जिल्ह्यात आहे हेही दोघांपैकी कुणाला माहीत नव्हतं. जिथे तिचा खरा सामना होता, त्या मधल्या पट्ट्यात उरल्या जेमतेम अठरा.

अशी यादी लांब असते, पण तोल तिला नसतो. वर स्वप्नं, खाली भीती आणि मधे जवळजवळ काही नाही.

मी समुपदेशक, विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारी. "घाबरू नकोस" असं मी सहसा म्हणत नाही. भीतीमागचं विधान कागदावर लिहायला लावते आणि ते खरं आहे का ते दोघं मिळून बघतो. तिने लिहिलं, "चांगली ब्रँच म्हणजे कॉम्प्युटर. ती नाही मिळाली तर चार वर्षं फुकट." वडिलांनी लिहिलं, "खाली भरपूर नावं असली की मुलगी सुरक्षित."

आधी वडिलांचं विधान घेतलं. यादी उलटी धरली आणि १६८ व्या ओळीपासून वर यायला लागलो. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: बाकी सगळं गेलं आणि फक्त हेच मिळालं, तर प्रवेश घेशील?

"नाही."

"मग काय करशील?"

"ड्रॉप घेईन. नाहीतर बीएस्सी."

"मग हे यादीत कशाला?"

वडील म्हणाले, "खाली काहीतरी भरावं लागतंच ना, मॅडम."

भरावं लागत नाही. जिथे जायचं नाही ते नाव सुरक्षा देत नाही. उलट शेवटच्या फेरीत तेच गळ्यात पडू शकतं. खालच्या साठांपैकी पन्नासच्या आसपास ओळी तिने स्वतः खोडल्या. वडिलांचा चेहरा उतरला, पण ते थांबले. त्या थांबण्याला मी फार किंमत देते.

खरी कलाटणी पुढच्या भेटीत मिळाली. मी दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एकीवर पुण्यातलं एक साधं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर. दुसरीवर सांगलीचं वालचंद, इलेक्ट्रिकल. हे नाव वडिलांच्या यादीत कुठेच नव्हतं.

"समज, दोन्ही मिळाली. आज रात्री एक निवडायचं आहे."

ती पटकन म्हणाली, "वालचंद."

वडील चमकले. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, यादी कटऑफप्रमाणे लावायची असते."

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी तिला विचारलं, कटऑफ कोण ठरवतं? "कॉलेज," ती म्हणाली. नाही. कॉलेज कटऑफ ठरवत नाही. गेल्या वर्षीच्या मुलांनी ज्या क्रमाने मागणी केली, त्यातून शेवटच्या मुलाचा जो आकडा उरला, तो कटऑफ. म्हणजे त्या क्रमाने यादी लावणं म्हणजे न भेटलेल्या हजारो मुलांची आवड स्वतःच्या नावाने भरणं. कटऑफने एवढंच कळतं की कुठली नावं यादीत असावीत आणि किती. कुठलं कुठल्याच्या वर, हे फक्त तिने सांगायचं. मला वाटतं, या फॉर्मबद्दल मला जे काही सांगण्यासारखं आहे ते यातच आलं.

मग ती चिठ्ठ्या घेऊन बसली. एकेक नवी चिठ्ठी उचलायची, आधीच्या रांगेत एकाशी तुलना करायची, हरली तर खाली, जिंकली तर वरच्याशी तुलना. पन्नास-साठ चिठ्ठ्यांना एक संध्याकाळ पुरते. पडद्यावर हे जमत नाही, कारण तिथे कटऑफचा रकाना सतत डोळ्यांसमोर असतो.

आता नावं कशी निवडायची ते. इथे चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक चुकीची ओळ वाचण्याची. कटऑफच्या तक्त्यात जी-ओपन, एल-ओपन, जी-ओबीसी, एल-ओबीसी असे गट असतात. जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींच्या. शेवटचं अक्षर एस असेल तर राज्य पातळीची जागा, एच असेल तर त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांची, ओ असेल तर बाहेरच्यांची. बारावी सोलापूर जिल्ह्यात झालेल्या मुलीने पुण्याच्या कॉलेजची एच ओळ बघून आनंद मानू नये. तिथे तिची ओळ ओ. या वडिलांनी सगळीकडे जी-ओपनची पहिली दिसेल ती ओळ धरली होती. स्वतःच्या ओळी लावल्यावर 'अशक्य' म्हणून टाकलेली काही नावं आवाक्यात आली आणि 'पक्की' वाटणारी काही डळमळली.

दुसरी चूक एकाच वर्षाचा आकडा धरण्याची. निदान तीन वर्षांचे घ्या, आणि प्रत्येक फेरीचे वेगळे. सोबत मेरिट क्रमांकही बघा. तीन लाख मुलं बसली तर ९४ पर्सेंटाइलच्या पुढे १८,००० मुलं असतात. चार लाख बसली तर २४,०००. पर्सेंटाइल तेच, रांग मात्र सहा हजारांनी लांबली. उलट बाजूने, एखाद्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या तर तिथला कटऑफ खाली सरकतो. म्हणून यंदाची जागांची संख्या जुन्या तक्त्याशेजारी मांडल्याशिवाय अंदाज करू नये. नव्या ब्रँचला इतिहासच नसतो; ती हमखास मिळणाऱ्यांत कधीच धरू नये.

तिसरी, पैशाचा हिशोब चुकीच्या जागी करण्याची. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. वडिलांनी फीच्या भीतीने वगळलेली तीन कॉलेजं यामुळे यादीत परत आली. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र घरचाच, तो आधी विचारून घ्यावा. मुलगा असेल किंवा खुल्या गटातलं मूल असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या वेगळ्या जागा, बघा: उत्पन्नाची मर्यादा तीच, पण चॉइस कोड (फॉर्ममधला कॉलेज-ब्रँचचा क्रमांक) वेगळा, शेवटी टी असलेला. तो स्वतंत्र ओळ म्हणून भरावा लागतो. नेहमीचा कोड लिहून टीएफडब्ल्यूएस आपोआप मिळत नाही, आणि त्याचा कटऑफ बहुधा चढा असतो.

तिच्या पातळीला आम्ही असा पट्टा धरला: स्वतःच्या ओळीचा कटऑफ आपल्यापेक्षा दीड-दोनने वर असेल ते आशेचं, एक-दीडच्या आत वरखाली असेल ते लढतीचं, आणि तिन्ही वर्षं तीन-चारने खाली राहिलेलं असेल ते हमखास. ९९ च्या मुलाला हा पट्टा खूप अरुंद करावा लागतो, तिथे पाव पर्सेंटाइलनेही कॉलेज बदलतं. ८० च्या मुलाला तो रुंद हवा. शेवटी तिच्या यादीत ५४ नावं उरली: १४ आशेची, २८ लढतीची, १२ हमखास. हमखासमध्ये सोलापुरातलंच डब्ल्यूआयटी कॉलेज होतं, घरून जाऊन-येऊन करण्यासारखं. त्या बाराही नावांना तिने 'जाईन' म्हटलं होतं. यादी तोलाची झाली ती या बारांमुळे, वरच्या चौदांमुळे नव्हे.

वरचं लिहिताना भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची. २०२५-२६ ला कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी, चौथ्यात जे मिळेल ते. फ्रीझ झाल्यावर पुढच्या फेरीचं दार बंद. म्हणजे 'मिळेल असं वाटतं म्हणून' एखादं मधलं नाव पहिल्या क्रमांकावर लिहिलं तर तेच कायमचं होऊ शकतं. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून हे आकडे तपासावेत. पहिली सहा नावं मात्र नियम काहीही असले तरी पुन्हापुन्हा वाचायची. तिची सहा बदलायला तिला दोन दिवस लागले, आणि कॉम्प्युटर त्यात दोनदाच आलं.

पहिल्या फेरीत तिला ३१ वा पर्याय मिळाला, पंढरपूरच्या एका कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). वडील म्हणाले, "घेऊन टाकू, संपला विषय." ती म्हणाली, "बेटरमेंट." म्हणजे ही जागा धरून ठेवून पुढच्या फेरीत वरचं मागायचं. सीट ॲक्सेप्टन्स फी भरली, जागा हातात राहिली.

दुसऱ्या फेरीचा फॉर्म नव्याने भरावा लागतो, आणि शेवटी कन्फर्म करावा लागतो. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत. इथे एक खड्डा आहे. नवी जागा मिळाली की जुनी आपोआप सुटते. त्यामुळे दुसऱ्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हवी असलेलीच नावं लिहायची, बाकी सगळी काढायची. वडिलांनी पुन्हा ५४ भरायला घेतली होती. तिने त्यांच्यासमोर ३१ व्या ओळीपासून खालचं सगळं खोडलं, वरच्या तिसातही सात नावं आता नको म्हणाली आणि २३ चा फॉर्म कन्फर्म केला. तिसऱ्या फेरीत कराडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. तिच्या यादीत ते पाचवं होतं, फ्रीझ झालं.