संशोधकाच्या 'टॉक'ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा अशी आहे : विद्यापीठातल्या विज्ञान विभागांत दर आठवड्याला कुणी ना कुणी संशोधक येऊन तासभर आपलं काम मांडतो. बोलताना सगळे त्याला 'टॉक' म्हणतात. मराठी सूचनेत मात्र कुणी 'चर्चासत्र' लिहितं, कुणी 'परिसंवाद', तर कुणी 'संगोष्ठी'. यातला योग्य शब्द कोणता?

योग्य शब्द या तिघांत नाही. तो 'व्याख्यान' आहे. बाकीचे शब्द वेगळ्या कार्यक्रमांचे आहेत, आणि तो फरक त्यांच्या धातूंतच दिसतो.

'व्याख्यान'मध्ये 'ख्या' हा धातू आहे. त्याचा अर्थ सांगणं, प्रकट करणं. कीर्तनातलं आख्यान, गणितातली व्याख्या आणि महाविद्यालयातला व्याख्याता हे सगळे याच घरचे. इथे सांगणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक. शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं झाली म्हणून व्याख्यानाचं चर्चासत्र होत नाही. 'परिसंवाद'मध्ये 'वद्' म्हणजे बोलणं, आणि त्याला 'सम्' जोडलेला, म्हणजे मिळून बोलणं. एका विषयावर तीन-चार जण आपापली बाजू मांडणार असतील, तरच तो परिसंवाद. 'सत्र'मध्ये 'सद्' म्हणजे बसणं. म्हणून संस्कृतात त्याचं मूळ लेखन 'सत्त्र' असं आहे, आणि अनेक ऋत्विजांनी मिळून बरेच दिवस चालवायच्या सोमयागाला ते नाव होतं. परिषद, संसद, उपनिषद, सभासद हे सगळे या बसण्यातूनच निघालेले. तेव्हा चर्चासत्राला अनेक माणसं हवीत, बैठक हवी आणि चर्चेसाठी राखून ठेवलेला वेळ हवा. सूचना लिहिताना स्वतःला एवढंच विचारावं : एक जण सांगणार आहे, की अनेक जण बोलणार आहेत?

घोटाळ्याचं मूळ 'सेमिनार' या शब्दात आहे. इंग्रजीत आठवड्याच्या एकट्या व्याख्यानालाही सेमिनार म्हणतात आणि दोन दिवस चालणाऱ्या, पंधरा वक्त्यांच्या कार्यक्रमालाही. कोशात 'सेमिनार : चर्चासत्र' एवढंच पाहिलं, की एका वक्त्याच्या तासालाही चर्चासत्र म्हटलं जातं. त्यात विद्यार्थ्याने वर्गापुढे विषय मांडला तरी तो 'सेमिनार देतो'. त्याला 'सादरीकरण' हा सरळ शब्द आहे. (सेमिनारचं मूळ लॅटिनमध्ये रोपवाटिका असं आहे, बियाणं रुजवायची जागा. परिषदेच्या आरंभी होणाऱ्या मुख्य भाषणाला मराठीत 'बीजभाषण' म्हणतात, त्यातही बीज आहेच. हा योगायोग मला फार आवडतो.)

'संगोष्ठी' हिंदीतून आलेला आहे. मूळ 'गोष्ठी' म्हणजे मंडळी जमणं आणि त्यांचं बोलणं. मराठीत तिची 'गोष्ट' झाली आणि ती कथेकडे वळली, त्यामुळे 'संगोष्ठी' मराठी कानाला परकी वाटते. 'कोलोक्वियम' मात्र राहू द्यावा. अनेक विभागांत तो सर्व शाखांना समजेल अशा व्याख्यानासाठी वापरतात आणि सेमिनार त्या त्या शाखेतल्या जाणकारांसाठी. मराठीत हा फरक नावात कोंबण्यापेक्षा 'पदवीच्या विद्यार्थ्यांना समजेल असे' किंवा 'विषयाची पूर्वओळख आवश्यक' अशी एक ओळ खाली लिहावी. श्रोत्याला तीच उपयोगी पडते.

आता क्रियापदं. व्याख्यान देतात, भाषण करतात, निबंध वाचतात, परिसंवादात भाग घेतात. 'व्याख्यान करणार आहेत' हे खटकतं. टॉक ठेवतात आणि तो होतो, म्हणजे बोलण्यात तो पुल्लिंगी. व्याख्यान नपुंसकलिंगी, परिसंवाद पुल्लिंगी, परिषद स्त्रीलिंगी. वक्ता पुरुष असेल तर आदरार्थी 'व्याख्याते', स्त्री असेल तर 'व्याख्यात्या'.

सूचनांत नेहमी आढळणाऱ्या चुका एकत्र करून हा नमुना रचला आहे :

'पुढच्या गुरुवारी सायंकाळी ठीक ४ वाजता पेशीविभाजनात सूक्ष्मनलिकांची भूमिका यावर चर्चासत्र संपन्न होणार असून प्रख्यात संशोधक श्रोत्यांना संबोधित करतील. संशोधित वेळेची नोंद घ्यावी.'

'संपन्न' म्हणजे पूर्ण झालेलं किंवा समृद्ध. व्हायच्या कार्यक्रमाला नुसतं 'होणार आहे' पुरतं, आणि झाल्यावर तो 'पार पडला'. 'संबोधणं' म्हणजे एखाद्या नावाने हाक मारणं, उल्लेख करणं. 'श्रोत्यांना संबोधित करणं' ही हिंदीची धाटणी आहे. मराठीत वक्ता श्रोत्यांपुढे बोलतो. सगळ्यात घातक 'संशोधित वेळ'. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, म्हणून तिकडे 'संविधान संशोधन' आणि आपल्याकडे 'घटनादुरुस्ती'. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य, तेव्हा बदललेली वेळ 'सुधारित'च हवी. संशोधनाच्याच व्याख्यानाच्या सूचनेत ही चूक राहिली, तर वाचणारा हमखास अडखळतो.

'भूमिका'ही सोडावी. इंग्रजी शीर्षकातली 'रोल' शब्दाची रचना तशीच उचलली, की मराठी शीर्षक काहीच सांगत नाही. सूक्ष्मनलिका गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे ओढून नेतात. मग 'गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका' हेच शीर्षक का नको? त्याखाली सात-आठ ओळींचा गोषवारा द्यावा. हा शब्द फारसीतून हिशेबाच्या कामासाठी आला, आणि शोधनिबंधाच्या सुरुवातीच्या सारांशालाही तो नेमका बसतो.

राहिला गुरुवार. सोमवारी सूचना वाचणाऱ्याला 'येत्या गुरुवारी' म्हणजे तीन दिवसांनी हे कळतं. 'पुढच्या गुरुवारी' म्हटलं, की काही जण तोच गुरुवार धरतात, काही त्यानंतरचा. म्हणून सूचनेत वाराबरोबर तारीख हवीच. 'आगामी' मथळ्यात शोभतं, जसं 'आगामी व्याख्याने', पण वाक्यात 'येत्या' सहज बसतं. आणि चार वाजता सायंकाळ होत नाही, 'दुपारी ४ वाजता' लिहावं.