व्हीएममेम निम्मी मेमरी अडवून का बसते आणि ती कशी सोडवावी?

तुमची अडचण अशी आहे की 16 जीबी रॅमच्या विंडोज 11 लॅपटॉपवर डॉकरचे (प्रोग्रॅम बंदिस्त कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचे) सर्व कंटेनर, म्हणजे ते कप्पे, थांबवल्यानंतरही टास्क मॅनेजरमध्ये व्हीएममेम ही प्रक्रिया साडेसात जीबीच्या आसपास मेमरी घेऊन बसलेली दिसते, ‘एंड टास्क’ केल्यास परवानगी नाकारली जाते आणि हा व्हायरस असावा अशी शंका तुम्हाला येते. वर्णनावरून हा व्हायरस वाटत नाही. विंडोज पुन्हा टाकण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडून द्यावा.

व्हीएममेम हा मुळात स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. डॉकर डेस्कटॉप विंडोजवर सहसा डब्ल्यूएसएल-2 च्या, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीच्या, आधाराने चालतो. डब्ल्यूएसएल-2 खऱ्या लिनक्स कर्नलसह (लिनक्सच्या गाभ्यासह) एक लहान आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, सुरू करते, आणि त्या यंत्राने घेतलेली सगळी मेमरी विंडोज या एकाच नावाखाली दाखवते. नव्या आवृत्त्यांत हेच नाव व्हीएममेमडब्ल्यूएसएल असे दिसते. तुम्हाला दिसणारा आकडाही योगायोगाचा नाही. मर्यादा ठरवून दिलेली नसेल, तर या यंत्राला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत 8 जीबीपर्यंत, वाढण्याची मुभा असते.

ते यंत्र बंद करण्यापूर्वी आत काय चालले आहे हे एकदा पाहावे असा माझा आग्रह आहे, कारण दोन अगदी वेगळ्या दोषांचे बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा ‘-एच’ जोडून द्यावी (येथील सर्व आज्ञा व फाइलींची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायची आहेत) आणि ‘यूज्ड’, ‘बफ/कॅश’ व ‘अव्हेलेबल’ हे तीन रकाने वाचावेत. कंटेनर थांबवलेले असताना ‘यूज्ड’ लहान आणि ‘बफ/कॅश’ मोठा असेल, तर मेमरी कोणत्याही प्रोग्रॅमने अडवलेली नाही. डॉकरची इमेज (कंटेनरचा साचा) बांधताना किंवा एनपीएमने (जावास्क्रिप्टचे घटक उतरवणाऱ्या साधनाने) हजारो लहान फायली उतरवताना लिनक्सने वाचलेला मजकूर पुन्हा लागेल म्हणून रॅममध्ये ठेवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. एरवी हे वर्तन उत्तमच आहे, कारण रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते आणि एखाद्या प्रोग्रॅमला गरज पडताच लिनक्स ही जागा देऊन टाकते. येथे अडते ते असे की मागणी जर विंडोजकडून आली, तर ती आतल्या लिनक्सपर्यंत पोहोचत नाही. मोकळी झालेली मेमरी विंडोजला परत देण्याची सोय डब्ल्यूएसएलमध्ये आहे, परंतु कॅशमध्ये धरलेली मेमरी लिनक्सच्या हिशेबात मोकळी नसते, म्हणून ती या सोयीने परत जात नाही.

खात्री करून घ्यायची असल्यास रूट (सर्वाधिकार असलेला) वापरकर्ता होऊन आधी ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी आणि मग प्रॉक, सिस, व्हीएम या फोल्डरांतून जाऊन ‘ड्रॉप_कॅशेस’ या फाइलीत 3 हा आकडा लिहावा. थोड्या वेळाने व्हीएममेमचा आकडा खाली आला तर निदान बरोबर आहे. यात माहिती नष्ट होत नाही, मात्र हे रोज करण्याचे काम नव्हे.

कायमचा उपाय म्हणजे मर्यादा घालणे. विंडोजमधील तुमच्या वापरकर्ता फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ ही फाइल तयार करून तिच्यात चौकोनी कंसात ‘डब्ल्यूएसएल2’ आणि त्याखालच्या ओळीत ‘मेमरी=4जीबी’ असे लिहावे. नोटपॅड नावाच्या शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतो आणि मग ती फाइल वाचलीच जात नाही, त्यामुळे फायलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था करून नाव तपासावे. त्यानंतर पॉवरशेलमध्ये ‘डब्ल्यूएसएल’ आणि जागा सोडून ‘--शटडाउन’ ही आज्ञा द्यावी. एंड टास्कला दाद न देणारी व्हीएममेम या आज्ञेने जाते, परंतु लिनक्समध्ये चालू असलेले सर्व कामही त्याबरोबर थांबते, म्हणून फायली आधी जतन कराव्यात. डॉकर डेस्कटॉपची केवळ खिडकी बंद करणे पुरेसे नाही. घड्याळाजवळच्या चिन्हावरून त्यातून पूर्ण बाहेर पडावे. याच फाइलीत ‘एक्स्परिमेंटल’ या विभागाखाली ‘ऑटोमेमरीरिक्लेम’ ही नोंद करता येते. 2023 मध्ये आलेल्या या सोयीमुळे यंत्र निवांत असताना कॅश आपोआप सोडली जाते, आणि तुमच्यासारख्या वापरात मला ती मर्यादेइतकीच मोलाची वाटते.

आता दुसरी शक्यता. ‘यूज्ड’ हाच रकाना मोठा असेल तर वरील उपायांनी दोष केवळ झाकला जाईल. अशा वेळी ‘टॉप’ ही आज्ञा चालवून शिफ्ट व एम दाबावे आणि ‘आरईएस’ (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) या रकान्यात वर आलेली नावे पाहावीत. ‘व्हीआयआरटी’ रकान्यातील मोठे आकडे पाहून घाबरू नये, कारण ती केवळ राखून ठेवलेली पत्त्यांची जागा असते. येथे बहुधा एखादा जावा सर्व्हर किंवा व्हीएस कोड या कोड-संपादकाने मागे चालू ठेवलेली नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी) प्रक्रिया सापडते. जावाचे तर असे आहे की कमाल हीप (प्रोग्रॅमच्या कामाच्या मेमरीची जागा) ठरवून दिली नसेल, तर ती उपलब्ध मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंत वाढू शकते, म्हणून असे दोन-तीन सर्व्हर एकत्र चालवताना प्रत्येकाची मर्यादा आपणच लिहून द्यावी. कामाचा भार तोच असूनही एखाद्या प्रक्रियेचा आरईएस तासागणिक चढतच राहिला, तर मेमरी गळत असल्याचा संशय धरून त्या प्रोग्रॅमकडेच वळावे.

मर्यादा 2 जीबीइतकी खाली मात्र आणू नये. मेमरी व स्वॅप (डिस्कवरची पूरक जागा) दोन्ही संपल्यावर लिनक्सचे कर्नल एखादी प्रक्रिया स्वतःहून मारते, आणि तो बळी अनेकदा नेमका तुमचा डेटाबेस असतो. कंटेनर कारण न सांगता बंद पडू लागले, तर ‘डीमेसेज’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेच्या नोंदींत त्याचा उल्लेख शोधावा आणि मर्यादा एकेक जीबीने वाढवत न्यावी.