पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का?

"मुलगा हुशार आहे, पण माणसांत मिसळत नाही, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा एखादा क्लास लावू का?" हा प्रश्न दिवाळीच्या आसपास मला हमखास ऐकू येतो, कारण बाहेरगावी शिकायला गेलेली मुले तेव्हा पहिल्यांदाच सलग काही दिवस घरी राहतात आणि त्यांच्यातला बदल आईवडिलांच्या नजरेत भरतो. अशाच एका मुलाविषयी, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा हा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. तो फोनवर "हो", "नाही", "ठेवतो" एवढेच बोलतो, मेसमधली गर्दी ओसरल्यावर एकटाच जेवायला जातो आणि सुट्टी संपत आली की त्याचे पोट दुखू लागते, असे त्याच्या आईने सांगितले.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, अभ्यासातले लक्ष आणि जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार यांची थेट चौकशी केली. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेले विचार शिरतात, ही पालकांची भीती अनाठायी आहे. उलट कोणी विचारलेच नाही तर मुले सहसा आपण होऊन सांगत नाहीत. त्याच्या बाबतीत तसे काही नव्हते. असते, तर त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. रात्री-अपरात्री गरज पडली तर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक पालकांनी जवळ ठेवावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.

त्याचे स्वतःचे म्हणणे एकाच वाक्याचे होते : "मॅडम, मला बोलताच येत नाही." पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या एकाला त्याने "काय करायलास?" असे विचारले, तेव्हा बाकीचे हसले आणि पुढे कित्येक दिवस त्याला त्याच शब्दाने हाक मारली गेली. तेव्हापासून प्रत्येक वाक्य तो मनात तपासून घेऊ लागला आणि ते ओठांवर येईपर्यंत गप्पा भलतीकडेच गेलेल्या असत.

वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि बारावीपर्यंत सुट्टीत तो तेथे बसत असे, हे कळल्यावर मी तेथल्या गिऱ्हाइकांविषयी विचारले. तो अचानक मोकळा झाला. खताच्या गोणीचा भाव विचारताना ज्याची नजर गोणीऐवजी गल्ल्याकडे जाते, त्याला उधारी हवी असते, असे त्याने सांगितले. अशा वेळी दुसरे गिऱ्हाईक समोर असेल तर तो त्याला बी-बियाण्यांची पाकिटे दाखवायला बाजूला नेई, या शेतकऱ्याला स्टुलावर बसवून पाणी देई आणि मग हळूच विचारी, "काका, वही काढू का?" समोरच्याची अडचण ओळखणे, चारचौघांत त्याची पत राखणे आणि दुकानाचाही व्यवहार सांभाळणे हे सारे त्याला जमत होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, ती माणसे समजून घेण्याची आणि त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याची क्षमता म्हणून. ही क्षमता खेळाच्या मैदानावर, कारखान्यात, दुकानात भरभरून दिसते, पण प्रयोगशाळेतल्या चाचणीला सापडत नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणून आईला मी क्लासच्या फंदात पडू नका असे सांगितले. स्टेजवर धिटाईने बोलायला शिकवणारे क्लास वाईट असतात असे नाही, पण याची अडचण ती नव्हती. दुकानात त्याचे सारे लक्ष समोरच्या माणसावर असे आणि पुण्यात ते स्वतःवर खिळले होते.

आपल्याकडे सगळे पाहत आहेत, हा समज बहुधा फुगलेला असतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले. हे त्याला सांगितले, पण नुसत्या माहितीने भीती जात नाही. म्हणून काम दिले : मेसमध्ये गर्दीच्या वेळी जायचे, बोलायची सक्ती नाही, मात्र शेजारच्याविषयी एक गोष्ट टिपून आणायची. पुढच्या भेटीत त्याने सांगितले की समोर बसणारा सोलापूरचा मुलगा रोज डाळीत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी कालवतो आणि डबा संपत आला की चिडचिडा होतो. आठवडाभराने त्याने ती चटणी मागून घेतली. संभाषण तेवढ्यावरून सुरू झाले.

येथवर सरळ होते. खरा गुंता नंतर कळला. बॅचमधल्या दोघांच्या जर्नल तोच लिहून देत होता. नकाराने त्यांचा चेहरा पडेल हे त्याला आधीच दिसे, म्हणून नकार द्यायचाच नाही. माणसे ओळखता आली की मन स्वस्थ राहते, असे गृहीत धरण्यातली चूक येथे दिसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याचे जे सहा पैलू मांडले, त्यांत इतरांशी चांगले संबंध आहेत, तशीच स्वायत्तताही, म्हणजे इतरांच्या दबावाला न बळी पडता स्वतःच्या मताने वागणे, आहे. याच्याकडे पहिल्यासाठी लागणारी समज भरपूर होती आणि दुसऱ्याच्या नावाने ठणठणाट.

आम्ही नकाराचा सराव केला. मी बॅचमधला मुलगा झाले आणि आग्रह करत राहिले. सुरुवातीला तो नकारामागे चार-चार कारणे जोडी, आणि कारण दिले की समोरचा ते खोडून काढतो, हे त्याला सरावातच उमगले. शेवटी एकच वाक्य उरले : "लिहून देणार नाही, पण बसू या, समजावून सांगतो." प्रत्यक्षात ते ऐकून एकाने बोलणे टाकले, ते कॉलेजचे सेमिस्टर संपेपर्यंत. ते त्याला लागले आणि दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो. दुसरा मात्र खरोखरच वही घेऊन आला आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या परीक्षेआधी दोघे रात्री खोलीत बसू लागले. वर्गात हात वर करून प्रश्न विचारणे त्याला अजूनही जड जाते. तास संपल्यावर सरांना गाठून तो विचारतो, आणि ते बदलावे असे त्याला वाटत नाही, तोवर मीही तो विषय काढलेला नाही.